आधी कोण बोलणार?

हातात एक्का आणि गुलाम आलेला असताना दोन्ही पानं पालथी करून निमूटपणे टाकून देणारा माणूस आमच्या लहानपणी कुणाला आढळला असता, तर मंडळींनी आधी त्याच्या कपाळाला हात लावून ताप तर नाही ना, हे पाहिलं असतं. आम्ही मेंढीकोटावर वाढलेली माणसं. एक्का आला की मांडी बदलायची, पानं छातीशी धरायची आणि चेहरा शक्य तितका गरीब करायचा, हे शिक्षण आम्हांला मुळाक्षरांबरोबरच मिळालं. गुलामाचं म्हणाल, तर ज्या घरी तीनशे चार चालत असे, तिथं तो एक्क्यालाही पाणी पाजीत असे. ही दोन पानं एकदम हाती यावीत आणि माणसानं ती टाकावीत?

असा माणूस मी पासष्टी ओलांडल्यावर पाहिला, आणि तो माझा सख्खा भाचा निघाला.

तो पोकर खेळतो. पोकर म्हटलं की माझ्या पिढीच्या डोळ्यांपुढं रुंद कडांच्या टोप्या, तोंडात चिरूट आणि टेबलावर पिस्तूल, असं चित्र उभं राहतं. माझ्या धाकट्या बहिणीच्याही डोळ्यांपुढं तेच उभं राहिलं असणार. २०२५ सालच्या गणपतीत ती आमच्याकडं आली, ती आरतीला थांबायच्या आधीच मला गॅलरीत घेऊन गेली. त्याच ऑगस्टमध्ये संसदेनं पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला होता. बहिणीला वाटलं, सुटलो! मुलगा रात्री-अपरात्री संगणकापुढं बसून जे काय करीत होता, ते आता सरकारनंच बंद केलं. पण चार दिवस गेले नाहीत तोच चिरंजीवांनी जाहीर केलं, की आपण नोकरी सोडून वर्षभर समोरासमोर बसून खेळायच्या स्पर्धा खेळणार. गोव्याला मांडवीच्या पात्रात जी जुगाराची जहाजं उभी असतात त्यांच्यावर, आणि जमलं तर पुढच्या उन्हाळ्यात अमेरिकेत लास व्हेगासला.

बहीण शाळेत शिकवते. निवृत्तीला दोन वर्षं उरली आहेत. यजमान गेले तेव्हा मुलगा अकरावीत होता. ती म्हणाली, ‘‘दादा, तू विमा कचेरीत जन्म घालवलास. माणसं कधी मरतात याचासुद्धा हिशेब तुम्ही लोक करता. याला जरा तुझ्या भाषेत समजाव.’’

ज्या खेळात उतारी कुणाची असते हेही आपल्याला ठाऊक नाही, त्याच्याविरुद्ध व्याख्यान द्यायचं मला प्रशस्त वाटेना. मी भाच्याला म्हटलं, ‘‘मला आधी खेळ शिकव. मग मी तुला समजावतो.’’ त्यालाही हा सौदा पसंत पडला.

खेळ शिकायला अर्धा तास पुरतो. प्रत्येकाला दोन पानं, झाकलेली. मध्ये पाच पानं उघडी मांडायची, ती सगळ्यांची सामाईक. ती एकदम मांडायची नाहीत. आधी तीन, मग एक, मग आणखी एक. आपली दोन आणि मधली पाच मिळून सातांतली उत्तम पाच ज्याची, तो डाव त्याचा. प्रत्येक वेळी नवं पान उघडलं की बोली होते. वाढवा, बरोबरी करा, नाहीतर तीनपत्तीवाले म्हणतात तसं ‘पॅक’ करा. अमेरिकेतल्या टेक्सासचं नाव या प्रकाराला चिकटलं आहे. वाटणाऱ्यापुढं एक चकती ठेवलेली असते, तिला ‘बटण’ म्हणतात. बटणाच्या डावीकडच्या दोघांना पानं पाहायच्या आधीच ठरलेली रक्कम टाकावी लागते, त्या रकमांना ‘ब्लाइंड’ म्हणायचं. पहिली बोली तिसऱ्यानं करायची. या तिसऱ्या माणसाच्या जागेला खेळाडूंनी ‘बंदुकीच्या तोंडची जागा’ असं नाव ठेवलं आहे. नाव मला फार आवडलं. मागं आठ माणसं आपापली पानं धरून बसली आहेत, त्यांतल्या कुणाकडं काय आहे याचा काडीइतका सुगावा नाही, आणि बोलायचं आधी आपण!

भाचा पत्ते पिसता पिसता म्हणाला, ‘‘मामा, या खेळात पानांइतकीच जागा महत्त्वाची. बटणावर बसलेला माणूस पुढच्या प्रत्येक बोलीला सगळ्यांच्या शेवटी बोलतो. बाकीच्यांनी काय केलं ते बघून मग ठरवतो. पहिल्या जागेवर एक्का-गुलाम आला तर स्पर्धेत मी बहुतेक वेळा टाकतो. तोच एक्का-गुलाम बटणावर आला, तर मी स्वतः होऊन वाढवतो.’’

मी म्हटलं, ‘‘पानं तीच, आणि किंमत दोन?’’

‘‘तीच तर गंमत आहे.’’

त्याचं हे म्हणणं मी तसंच स्वीकारलं असतं, तर इतकी वर्षं कोष्टकं वाचून उपयोग काय! तो गेल्यावर पेन्सिल घेऊन बसलो. आपल्या हाती एक्का-गुलाम असताना बाहेर उरतात पन्नास पानं. त्यांच्या दोन-दोनच्या जोड्या होतात १२२५. त्यांतल्या कोणत्या आपल्याला गारद करतील? दोन एक्के तीन प्रकारांनी येऊ शकतात, दोन गुलाम तीन प्रकारांनी, दोन राजे सहा, दोन राण्या सहा, एक्का-राजा बारा आणि एक्का-राणी बारा. एकूण बेचाळीस. म्हणजे एका माणसाकडं असं काही असण्याचा संभव साडेतीन टक्क्यांच्या आतच. हे फार वाटत नाही. पण पहिल्या जागेच्या मागं असतात आठ जण. आठांचा मिळून हिशेब केला, तेव्हा उत्तर चोवीस टक्के आलं! चारांतल्या एका वेळी आपल्याला पुरून उरणारी पानं मागं कुठंतरी दबा धरून बसलेली असतात. बटणावर असताना आधीच्या सगळ्यांनी पानं टाकली असतील, तर मागं उरतात दोघेच. त्यांचा संभव पंधरांत एकदा. चाराला एक आणि पंधराला एक! विम्याच्या धंद्यात एवढ्या फरकानं माणसाचा हप्ता कुठल्या कुठं जातो.

आणि गारद होणंही साधं नाही. समजा, समोरच्याकडं एक्का-राजा आहे. मध्ये एक्का उघडला की आपण हुरळून जाणार, कारण आपली एक्क्यांची जोडी जमली. त्याचीही तीच जमली, आणि त्याच्याजवळ वर राजा आहे. आपण भरपूर घालणार आणि भरपूर गमावणार. मध्ये एक्का उघडलाच नाही, तर तसाही तोच पुढं. अशा सामन्यात एक्का-गुलाम जेमतेम चारांत एकदा जिंकतो. दुर्री-सत्ती हाती आली, तर कुणाच्या जिवाला घोर लागत नाही. टाकायची, मोकळं व्हायचं. माणसाला बुडवतात ती ही दिसायला बरी, अंगानं मध्यम पानं. स्थळांच्या बाबतीतसुद्धा हाच अनुभव येतो, पण तो विषय वेगळा.

वेगळा म्हणालो खरा, पण त्या रात्री मला झोप आली नाही ती त्याच विषयामुळं. मला आमच्या वडिलांची जागा दिसायला लागली.

१९७८ साली माझ्या थोरल्या बहिणीचं लग्न ठरलं, तेव्हाची बैठक मला पक्की आठवते. गिरगावातल्या आमच्या दोन खोल्यांत सतरंजी घातली होती. हुंडाबंदीचा कायदा १९६१ सालीच झालेला, त्यामुळं हुंडा हा शब्द कुणी उच्चारायचा नाही, असा सभ्य संकेत होता. मुलाचे वडील पानाला चुना लावीत म्हणाले, ‘‘आमचं काही मागणं नाही हो. तुम्ही तुमच्या हौसेनं काय करणार, तेवढं सांगा.’’ झालं! बटण त्यांच्यापुढं, आणि आमचे वडील बंदुकीच्या तोंडी. वडिलांनी मनाशी धरलेला आकडा सांगितला, ‘‘पाच तोळे.’’ समोरून नकार नाही, होकार नाही. पानाची घडी सावकाश मुडपली गेली. मग त्यांचा कुणी मेहुणा सहज आठवण झाल्यासारखं बोलला, ‘‘आपल्या थोरल्या सुनेच्या वेळी सात होते, नाही का?’’ वडील सातांवर आले. कापडाच्या मानपानाचं तेच, जेवणावळीच्या पानांचं तेच, जाण्यायेण्याच्या खर्चाचंही तेच. प्रत्येक वेळी आधी आमचे वडील बोलायचे आणि मग समोरचे विचार करायचे. स्थळ वाईट नव्हतं. बहीण सुखात नांदली. वडिलांची पानंही अगदीच टाकाऊ नव्हती. मुलगी शिकलेली, घराणं निर्व्यसनी. पण जागा!

महाभारतातल्या द्यूताचंही असंच आहे. सभापर्व काढून पाहा. पण काय लावायचा तो आधी धर्मराज सांगतो, मग शकुनी फासे टाकतो आणि ‘जिंकलं’ म्हणतो. दर खेपेला आधी बोलणारा तोच. फाशांच्या लबाडीबद्दल पुराणिकबुवा तासतास बोलतात, या क्रमाबद्दल कुणी बोलल्याचं मी ऐकलेलं नाही.

भाच्याला मी बैठकीची ही गोष्ट सांगितली. त्यानं ती मन लावून ऐकली, आणि मग अशी एक गोष्ट सांगितली की मी गप्पच झालो. ‘‘पण मामा, पोकरमध्ये बटण दर डावाला एक घर पुढं सरकतं. नऊ डावांत एकदा प्रत्येकाला बंदुकीच्या तोंडी बसावं लागतं आणि एकदा बटणही मिळतं. म्हणून तर वाईट जागेवर पानं टाकायला काही वाटत नाही. आपली पाळी येणार, हे ठाऊक असतं.’’

वडिलांना तीन मुली. तिन्ही बैठकींत ते एकाच जागेवर होते.

आता स्पर्धेचं सांगतो, कारण बहिणीची चिंता मुख्यतः तिथं होती आणि भाच्याची शिस्तही तिथंच. घरी चार मित्र पैसे लावून बसतात, त्या खेळात खिसा रिकामा झाला की दुसऱ्या खिशात हात घालता येतो. स्पर्धेत तसं नाही. प्रवेशाचे पैसे भरले की प्रत्येकाला सारख्या चकत्या मिळतात. त्या संपल्या की उठायचं आणि घरी जायचं. काही स्पर्धांत सुरवातीला पुन्हा पैसे भरून बसता येतं, तेवढी गोष्ट सोडली तर हाच नियम. त्यामुळं मिळवलेल्या चकतीपेक्षा गमावलेली चकती नेहमीच महाग पडते. हे मला आधी शब्दांचा खेळ वाटलं. मग भाच्यानं उदाहरण दिलं. समजा, दहा जणांनी हजार हजार रुपये भरले. पहिल्याला पाच हजार, दुसऱ्याला तीन, तिसऱ्याला दोन. सुरवातीला प्रत्येकाच्या ढिगाची किंमत एक हजार. शेवटी जो जिंकतो त्याच्यापुढं दहाच्या दहा ढीग येतात, पण हातात पडतात पाचच हजार. म्हणजे तोच ढीग आता पाचशेंचा झाला! ढीग दुप्पट झाला म्हणून किंमत दुप्पट होत नाही, आणि ढीग गेला तर किंमत मात्र पूर्ण जाते. वाईट जागेवर मध्यम पानं घेऊन बरोबरीच्या झुंजीत उतरू नये, याचं कारण हे. झुंज बरोबरीची असली तरी सौदा तोट्याचा असतो.

मी म्हटलं, ‘‘मग सारखं टाकतच बसावं. शेवटपर्यंत टिकेल तो जिंकेल.’’

‘‘तेही नाही. ब्लाइंड वाढत जातात.’’

इथं या खेळाची खरी मेख आहे. दर ठराविक मिनिटांनी ब्लाइंडची रक्कम वाढते. तुम्ही काही न करता बसलात तरी दर फेरीला ढिगातून थोडं थोडं जात राहतं, आणि फेरीगणिक अधिक जातं. डॅन हॅरिंग्टन नावाचा एक गृहस्थ आहे. १९९५ साली लास व्हेगासची जागतिक स्पर्धा त्यानं जिंकली. २००३ साली ८३९ खेळाडूंत तो तिसरा आला आणि पुढच्याच वर्षी २५७६ खेळाडूंत चौथा. थांबून थांबून खेळण्याबद्दल त्याची इतकी ख्याती, की मित्रांनी थट्टेनं त्याचं नाव ‘ॲक्शन डॅन’ ठेवलं. या डॅननं आपल्या पुस्तकात एक सोपी भागाकाराची रीत सांगितली आहे. आपल्यापुढच्या चकत्यांना एका फेरीच्या खर्चानं भागा. आपण नुसते बसून राहिलो तर किती फेऱ्या जगू, ते कळतं. वीसच्या वर असाल तर निवांत पानं निवडा. दहाच्या खाली आलात तर ऐट सोडा. पाच-सहाच्याही खाली आलात, तर जे बरं पान येईल त्यावर सगळा ढीग पुढं ढकला, आणि तो दुसऱ्या कुणी ढकलायच्या आधी ढकला. कारण तुमची पानं वाईट असली तरी समोरच्याला भीती वाटते, आणि ती भीतीच तुमचं अर्धं भांडवल. मृत्यूची कोष्टकं वाचलेल्या माणसाला ही रीत पाहून आपल्या माणसांत आल्यासारखं वाटलं.

पण वाईट जागेवरून वाईट पानं खेळून नाव काढलेला माणूस नाहीच का? खेळाडूंच्या तोंडी डॉयल ब्रन्सनचं नाव हमखास असतं. २०२३ साली नव्वदीच्या उंबरठ्यावर तो वारला. जागतिक स्पर्धा त्यानं १९७६ आणि १९७७ अशी लागोपाठ दोन वर्षं जिंकली, आणि दोन्ही वर्षी शेवटच्या डावात त्याच्या हाती पानं होती दश्शी आणि दुर्री! पत्त्यांत याहून दरिद्री जोड्या थोड्याच असतील. गंमत पुढंच आहे. १९७६ साली त्याच्यासमोर जेसी आल्टो हा एकच भिडू उरला होता, आणि त्याच्याकडं होते एक्का-गुलाम. मध्ये उघडले एक्का, गुलाम आणि दश्शी. आल्टोच्या दोन जोड्या जमल्या होत्या, ब्रन्सनजवळ दश्शीची एक. नंतरचं पान दुर्री आणि शेवटचं पान दश्शी. आल्टो घरी गेला. ही कथा ऐकून दश्शी-दुर्रीवर भाळणारे पुष्कळ आहेत, आणि भाचा म्हणतो, आमची स्पर्धेतली कमाई पुष्कळशी त्यांच्यामुळंच होते! लोक विसरतात ते एवढंच, की त्या वेळी टेबलावर दोघंच होते. मागं आठ जण नव्हते.

जागेचं आणखी एक जुनं उदाहरण आहे. २ ऑगस्ट १८७६ या दिवशी अमेरिकेत डेडवुड गावात वाइल्ड बिल हिकॉक पोकर खेळताना मागून गोळी लागून मेला. एरवी तो भिंतीला पाठ लावून बसायचा. त्या दिवशी तेवढी जागा रिकामी नव्हती, मागितली तर कुणी बदलून दिली नाही, आणि दाराकडं पाठ करून बसावं लागलं. हाती एक्के आणि अठ्ठ्या होत्या, अशी दंतकथा आहे. पानं वाईट नव्हती म्हणायची!

पाडव्याच्या संध्याकाळी आमच्याकडं सगळे जमले. बलिप्रतिपदेला द्यूतप्रतिपदा असंही म्हणतात. पार्वतीनं शंकराला द्यूतात हरवलं ती कथा या दिवसाची. तेव्हा शास्त्राचा आधार होताच. भाच्यानं स्पर्धा लावली. प्रत्येकाला साठ चिंचोके, हरेल त्यानं उठून सगळ्यांचा चहा करायचा. नऊ माणसं सतरंजीवर गोल बसली. आमच्या सौभाग्यवती पानं उचलून बघायच्या आणि ‘‘नको बाई’’ म्हणून ठेवून द्यायच्या. तासभर त्यांनी दुसरा शब्द उच्चारला नाही, आणि तरी त्या अर्ध्याअधिक मंडळींच्या नंतर बाद झाल्या. माझी सून प्रत्येक डाव खेळायची आणि तिसऱ्याच फेरीत चहा टाकायला गेली. बहीण मात्र शिक्षिकेच्या नजरेनं सगळ्यांचे चेहरे वाचीत होती.

सातवा की आठवा डाव होता. भाचा नेमका बंदुकीच्या तोंडी. त्यानं पानांचे कोपरे उचलून पाहिले, थोडा वेळ थांबला आणि पानं सरकवली. तो डाव बहिणीनं घेतला, दोन राण्यांवर. डाव संपल्यावर तिनं त्याची टाकलेली पानं उलटून पाहिली. खेळात हे करायचं नसतं, पण आईला कोण सांगणार? एक्का-गुलाम.

‘‘अरे, इतकी चांगली पानं टाकलीस कशाला?’’

‘‘आई, माझ्यामागं कितीतरी माणसं बोलायची होती.’’

बहीण पत्ते गोळा करीत होती. मान वर न करता ती म्हणाली, ‘‘पानं टाकताना आपल्या मागं कोण कोण आहे, ते बरं दिसतं रे तुला.’’

कुणी हसलं नाही. सून चहा घेऊन आली, तेवढ्यावर वेळ निभावली.

दुसऱ्या दिवशी तो आणि मी फिरायला गेलो, तेव्हा तो विषय त्यानंच काढला. त्याचं म्हणणं मी त्याच्याच शब्दांत देतो, कारण त्यात टाकाऊ असं मला फारसं सापडलं नाही. ‘‘मामा, आईला वाटतं मी पहिल्या जागेवरून मध्यम पानं घेऊन सगळा ढीग ढकलतोय. मी सत्तावीस वर्षांचा आहे. लग्न नाही, कर्ज नाही. वर्षाचा खर्च बाजूला ठेवलाय, त्याला हात लावणार नाही. माझ्यामागं बोलणारी माणसं आज सर्वांत कमी आहेत. पाच वर्षांनी बायको असेल, मूल असेल, आईची निवृत्ती झालेली असेल. तेव्हा मी खरा बंदुकीच्या तोंडी. आत्ता बटण माझ्याकडं आहे.’’

मी म्हटलं, ‘‘आणि आई?’’

‘‘आई ब्लाइंडमध्ये आहे,’’ तो म्हणाला. ‘‘तिनं पानं बघायच्या आधीच पैसे टाकलेत.’’

हे वाक्य त्यानं तयार करून आणलेलं नव्हतं. बोलून झाल्यावर तोच थोडा चपापला. रस्त्याच्या कडेला आम्ही बराच वेळ नुसते उभे होतो. मग मी त्याला माझ्या धंद्याचा प्रश्न विचारला. नोकरी सोडणं आणि खेळणं या दोन गोष्टी एकाच डावात का घालायच्या? बोली थोडी लहान होत नाही का?

ती होत होती. त्यानं कंपनीकडं तीन महिन्यांची बिनपगारी रजा मागितली, आणि साहेबाला काय वाटलं कोण जाणे, ती मिळाली. तीन महिन्यांत तो गोव्याला चौदा स्पर्धा खेळला. वही माझ्याकडं आहे, कारण जमाखर्च मी लिहायचा अशी माझी अटच होती. तीनदा तो बक्षिसाच्या यादीत आला. प्रवेश, बसभाडं, राहणं-जेवण सगळं वजा जाता शिल्लक अकरा हजार चारशे रुपये. पगार बुडाला तो निराळा. बहिणीनं विचारलं, ‘‘मग काय सिद्ध झालं?’’ मी सांगितलं, काही नाही. चौदा स्पर्धांवरून कुणी चांगला खेळतो की वाईट, हे ठरत नाही. शंभरांतल्या पंधरा-वीस जणांनाच जिथं काही मिळतं, आणि त्यातलं बरंचसं पहिल्या दोघा-तिघांत जातं, तिथं उत्तम खेळाडूसुद्धा महिनेच्या महिने रिकाम्या हातानं परततो. आमच्या कचेरीत चौदा माणसांच्या मरण्यावरून कुणी कोष्टक केलं असतं, तर साहेबांनी त्याला नोकरीवर ठेवलं नसतं. बहिणीला हे उत्तर मुळीच आवडलं नाही. भाच्याला ते तिच्याहून कमी आवडलं.

तो पुन्हा कामावर रुजू झाला आहे. लास व्हेगासचं बोलणं तूर्त बंद आहे, कायमचं बंद आहे असं मात्र नाही. तिथल्या मुख्य स्पर्धेचा प्रवेशच दहा हजार डॉलर. मधूनमधून शनिवार-रविवार धरून तो गोव्याला जातो. बहीण अडवत नाही. बाद झाला की तो आधी आईला फोन करतो, हे मला अलीकडं कळलं. परवा मी तिच्याकडं बसलो असताना रात्री साडेदहाला फोन आला. तिनं ऐकून घेतलं. किती गेले, हे विचारलं नाही. जेवलास का, हे विचारलं. आणि मग चष्मा कपाळावर चढवून, परीक्षेचा पेपर तपासायला घ्यावा तशा आवाजात म्हणाली, ‘‘राजा-राणी होते ते कळलं रे. पण बटण कुणाकडं होतं?’’